नॉर्मल आलंय ना, मग पुन्हा कशाला?

‘मागच्या वर्षी नॉर्मल आलंय की तुमचं. मग आता पुन्हा कशाला?’

एका मोठ्या सरकारी दवाखान्यात, रक्ततपासणीच्या खिडकीवर हे वाक्य मी ऐकलं त्याला आता दीड वर्ष झालं. माझ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिच्यावर तीन तपासण्या लिहिल्या होत्या : टी.एस.एच., टी-फोर आणि टी-थ्री. खिडकीमागच्या माणसाने पहिल्या नावावर टिचकी मारली, बाकी दोन ‘इथे होत नाहीत, बाहेरून करून आणा’ म्हणाला आणि मग जुना कागद पाहून त्या एका तपासणीलाही वरचा प्रश्न विचारला. माझी नाडी त्या वेळी मिनिटाला एकशेदहाच्या पुढे चालत होती. रजिस्टरवर सही करताना पेन हातात ठरत नव्हतं.

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, बारा वर्षं वस्त्यांवर आणि तांड्यांवर काम करणारी बाई. दुसऱ्या बायांसाठी दवाखान्यात जाऊन भांडणं हा माझ्या कामाचाच भाग. त्या दिवशी स्वतःसाठी मात्र दोन वाक्यं सरळ बोलता आली नाहीत. घरी येऊन रडले. असं उठसूट रडू येणं हेही या आजाराचंच लक्षण आहे हे मला माहीत होतं, तरी रडले.

दवाखान्याचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा त्या एका दवाखान्याची आणि तिथल्या एका कारकुनाची होते, बाकीचे सगळे सुटतात. मराठवाड्यातला एक जिल्हा, एवढं पुरे.

मला ग्रेव्हज नावाचा आजार आहे. रॉबर्ट ग्रेव्हज या डब्लिनच्या डॉक्टराने १८३५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती चुकीने डिवचत राहते आणि ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करते. मग छातीत धडधड, हातांना थरथर, भरपूर खाऊनही वजन उतरणं, थंडीतही घाम, जुलाब, झोप उडणं, पाळी कमी होणं किंवा चुकणं. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसायला लागतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार कितीतरी पटींनी जास्त.

पहिल्यांदा झाला तेव्हा मी २८ वर्षांची होते. निदान व्हायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मला कोण काय म्हणालं याची यादी केली तर एक वेगळाच लेख होईल. वजन उतरलं तर ‘छान दिसतेस’. झोप येत नाही तर ‘लग्नाचं टेन्शन’. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि ‘फार विचार करू नका’ असा सल्ला. आणि हे सांगायला संकोच वाटतो, पण आमच्याच संघटनेतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला प्रेमाने जवळ बसवून सांगितलं, की हे काम सगळ्यांना झेपतंच असं नाही, थोडी सुट्टी घे. मलाही ते पटलं होतं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला, बोटं ताणून धरायला सांगितली, त्यावर एक कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. त्याच दिवशी रक्त गेलं.

कार्बिमाझोलच्या गोळ्या दीड वर्ष घेतल्या. ग्रंथी ताळ्यावर आली, गोळ्या बंद झाल्या. शेवटच्या भेटीत मला सांगितलं गेलं, ‘बऱ्या झालात. काही वाटलं तर या.’

मैत्रिणींनो, मला हा लेख लिहायचाय तो या ‘काही वाटलं तर या’बद्दल.

गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून बंद केल्यावर ग्रेव्हजच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये आजार परत येतो, आणि बऱ्याचदा तो पहिल्या वर्ष-दीड वर्षातच येतो. ही नवी माहिती नाही, वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात असते. म्हणूनच गोळ्या थांबल्यानंतर पहिलं वर्षभर तरी दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, मग अंतर वाढवत न्यायचं, आणि वर्षातून एकदा तरी पुढे तपासत राहायचं, अशी पद्धत आहे. मला हे कोणी सांगितलं नाही. मला सांगितलं ते ‘काही वाटलं तर’. आता आपल्याकडच्या बाईला ‘काही वाटणं’ म्हणजे काय? ताप अंगावर काढायचा, पाळीतलं दुखणं अंगावर काढायचं, बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी चुलीपुढे बसायचं, हे शिकूनच ती मोठी होते. माझं पुस्तकी शिक्षण झालेलं, तरी मी तिच्याहून फार वेगळी निघाले नाही. गोळ्या बंद झाल्यावर दहा महिन्यांनी धडधड परत सुरू झाली. त्या वेळी आम्ही टंचाईच्या गावांचं सर्वेक्षण करत होतो. ऊन आहे, धावपळ आहे, म्हणून आणखी तीन महिने ढकलले. शेवटी एस.टी. स्टँडवर चक्कर येऊन पडले तेव्हा नाडी १४० होती. तिसऱ्यांदा, म्हणजे त्या खिडकीच्या वेळी, मी शहाणी झाले होते. काही वाटायच्या आधीच तारीख धरून गेले असते. पण तारीख धरून जायची सोयच तिथे नव्हती, आणि गेले तोवर ‘वाटायला’ही लागलं होतं.

त्या तीन तपासण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या गटांमध्ये याविषयी फार गोंधळ आहे. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते. ती टी.एस.एच. सोडते, म्हणजे थायरॉइडला काम करायचा हुकूम देते. थायरॉइडने टी-फोर आणि टी-थ्री पुरेसं बनवलं की हुकूम कमी होतो. ग्रेव्हजमध्ये हार्मोनचा पूर आलेला असतो, म्हणून टी.एस.एच. जवळजवळ शून्यावर येतं. आपल्याकडे जास्त आढळणारा आजार याच्या उलटा, थायरॉइड कमी पडण्याचा. त्याची गोळी चालू असलेल्या बाईला बहुतेक वेळा एकट्या टी.एस.एच.वर नीट सांभाळता येतं. त्यामुळे ‘थायरॉइडची तपासणी’ म्हणजे टी.एस.एच. एवढंच डोक्यात पक्कं झालंय, खिडकीवरच्या माणसाच्या आणि कित्येक डॉक्टरांच्याही.

ग्रेव्हजमध्ये हे चालत नाही. गोळ्यांनी टी-फोर आणि टी-थ्री खाली आले तरी दबलेलं टी.एस.एच. कित्येक आठवडे, कधी कधी काही महिनेही वर येत नाही. एकटं तेच पाहिलं तर वाटतं, आजार अजून जोरातच आहे, आणि डोस कायम ठेवला जातो किंवा वाढवला जातो. उलट आजार परत येतो तेव्हा काही जणींमध्ये आधी टी-थ्री चढतं, टी-फोर तोवर नॉर्मलच असतं. म्हणजे चिठ्ठीवरची जी दोन नावं खिडकीवर खोडली जातात, नेमकी तीच त्या वेळी कामाची असतात. बाहेरच्या लॅबमध्ये मला तिन्ही तपासण्यांना साडेसहाशे रुपये पडले. माझा पगार आहे, मी दिले. आमच्या भागात खुरपणीला जाणाऱ्या बाईची ती दोन दिवसांहून जास्त मजुरी आहे, शिवाय तालुक्याला जायचं भाडं आणि बुडालेला दिवस.

याचा अर्थ कागदात काय होतो तो एका बाईच्या बाबतीत सांगते. तिला मी वहिनी म्हणते, इथेही तसंच म्हणेन. वय ३४. नवरा-बायको मिळून ऊसतोडीला जातात, एक कोयता. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परत. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये तिला ग्रेव्हजचं निदान झालं. रोज ३० मिलीग्रॅम कार्बिमाझोल सुरू झालं. महिना-दीड महिन्याने रक्त पाहून डोस कमी करत आणायचा असतो. एकदा पाहिला गेला, तोही एकट्या टी.एस.एच.वर. टी.एस.एच. दबलेलंच होतं, डोस तोच राहिला. मग टोळी निघाली. वहिनीने उचलीच्या पैशातून भरपूर गोळ्या घेऊन ठेवल्या होत्या आणि डॉक्टरांनी सांगितलंय तशा इमानदारीने रोज घेतल्या. फडावर कोणाला विचारणार? खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. आणि कारखान्याच्या गावातला डॉक्टर तिला ओळखत नाही, तिच्याकडे जुना एकही कागद नाही.

मार्चमध्ये ती परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. चेहरा सुजलेला, आवाज जाड, चालणं संथ. डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढता येत नाही म्हणून नवऱ्याने मारलं होतं. टोळीत तिचं नाव ‘कामचोर’ पडलं होतं. तपासणीत टी.एस.एच. ४०च्या वर. ज्या गोळीने ग्रंथीला आवरायचं, तिने ती पारच झोपवली होती. पाच महिने कोणी रक्त बघितलं नाही म्हणून. यात गोळीचा दोष नाही, आणि वहिनीचा तर नाहीच.

पुढे आणखी एक गोष्ट झाली. थायरॉइड कमी पडलं की पाळीत अंगावरून फार जाऊ शकतं. वहिनीचं जात होतं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात तिला सांगण्यात आलं, दोन लेकरं झालीत ना, पिशवी काढून टाका, कटकट जाईल. २०१९ साली ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आपण सगळ्यांनी त्यावर लिहिलं, बोललो. पण समितीनंतरच्या काळातही, माझ्या डोळ्यांदेखत, ज्या बाईला काही आठवडे डोस बदलून बघायची गरज होती तिला ऑपरेशनची तारीख मिळत होती. आम्ही मध्ये पडलो, डोस बदलला, रक्त पुन्हा तपासलं. चार महिन्यांत पाळी मार्गी लागली. पिशवी जागेवर आहे.

मग वहिनीने स्वतःहून गोळ्या पूर्ण बंद केल्या. ‘त्या गोळीनंच माझं वाटोळं केलं ताई.’ तिला काय उत्तर द्यायचं? तिचा अनुभव खोटा नव्हता. पुढच्या हंगामात धडधड परत आली.

आता थोडं आपल्याच घरात बघू. स्त्री-चळवळीत ‘चाचणी’ हा शब्द आपण संशयानेच ऐकत आलो आहोत, आणि त्याला कारणं आहेत. आपल्या आधीच्या पिढीने गर्भलिंग चाचणीविरुद्ध लढा दिला, त्यातून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. नेट-एन इंजेक्शनच्या प्रयोगांविरुद्ध १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईचं शरीर हे प्रयोगाचं आणि नफ्याचं सामान नव्हे, हे आपण तिथूनच शिकलो. त्यामुळे मी आमच्या बैठकीत ‘थायरॉइडच्या पुरेशा तपासण्या हव्यात’ असं मांडलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, आपण लॅबवाल्यांचा धंदा वाढवायचा का? प्रश्न बरोबर आहे. चौकाचौकात ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजं विकली जातात, धडधाकट बाईचं थायरॉइड दर सहा महिन्यांनी तपासतात, किंचित इकडेतिकडे झालं की जन्माची गोळी. पण त्याच गावात ज्या बाईला आजार आहे हे माहीत आहे, तिला दर दोन महिन्यांनी लागणारी तपासणी मिळत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. तपासणी कोणाची होणार हे आजारावर ठरत नाही, खिशावर ठरतं.

आम्हीही यात धुतल्या तांदळासारख्या नाही. चार वर्षांपूर्वी ८ मार्चला आम्ही एका लॅबच्या मदतीने मोफत शिबिर घेतलं. दीडशेच्या वर बायांचं टी.एस.एच. झालं. वर्तमानपत्रात फोटो आला. पाच जणींचे रिपोर्ट बरोबर नव्हते. त्यांना चिठ्ठ्या दिल्या, ‘डॉक्टरांना दाखवा’. पुढे काय झालं ते आम्ही वर्षभर विचारलं नाही. शिबिर आलं आणि गेलं. मी स्वतः त्या शिबिराची संयोजक होते, आणि मला स्वतःला हाच आजार होता. वर्षाने शोधायला गेलो तेव्हा पाचांतल्या दोघी सापडल्या, एकीचे उपचार सुरू होते, दुसरी म्हणाली, ‘कागद होता बाई कुठंतरी.’ बाकी तिघी गाव सोडून गेल्या होत्या.

ही तपासणी परकी आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आठवण. रक्तातलं इतकं बारीक हार्मोन मोजायची वाट ज्या पद्धतीने उघडली, ती रोझलिन यालो या अमेरिकन बाईने सॉलोमन बर्सनबरोबर शोधली. फिजिक्स शिकलेल्या या मुलीला सुरुवातीला एका प्राध्यापकाची सेक्रेटरी म्हणून काम धरावं लागलं होतं. १९७७ साली तिला वैद्यकाचं नोबेल मिळालं, वैद्यकात ते मिळवणारी ती दुसरी बाई. त्या दोघांनी पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. आजची यंत्रं वेगळी आहेत, पण मूळ तिथलं आहे.

सरकारला थायरॉइड माहीत नाही असं नाही. १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९९२ साली त्याचं नाव आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण असं झालं. घराघरात आयोडीनचं मीठ पोचलं, हे मोठं काम आहे. त्याचा आग्रह मुख्यतः मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी होता. २०१४ साली केंद्राने गरोदरपणातल्या थायरॉइड तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही जोखमीच्या गरोदर बायांसाठी. म्हणजे बाईच्या गळ्यातली ग्रंथी सरकारला दिसते ती बाळाच्या वाटेने. २०१० साली सुरू झालेल्या आणि २०२३ साली नवं नाव मिळालेल्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आशाताई घरोघरी मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगासाठी विचारतात, थायरॉइड त्या यादीत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येते. वहिनीची पिशवी काढायचं ठरलं असतं तर भरतीचा कागद झाला असता. दर दोन महिन्यांच्या रक्ताला कागदच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या निःशुल्क झाल्या, त्याचं स्वागतच आहे. पण जी तपासणी तिथे होतच नाही ती निःशुल्क असून काय उपयोग?

डॉक्टरांशी बोलताना मला आणखी एक गोष्ट खटकली. कार्बिमाझोल चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला धोका असतो, सुरुवातीच्या महिन्यांत वेगळी गोळी द्यावी लागते. हे बाईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मला विचारलं गेलं, ‘लग्न झालंय?’ नाही म्हटल्यावर विषय संपला. तसंच त्या गोळीने क्वचित कोणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. म्हणून गोळी चालू असताना ताप आला आणि घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पेशी मोजून घ्यायच्या असतात. वहिनीला हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि ही तिसरी गोष्ट तर मलाही अलीकडेच कळली : थायरॉइडमुळे केस गळतात म्हणून केसांसाठी ज्या बायोटिनच्या गोळ्या देतात, त्यांनी काही यंत्रांवर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो. टी.एस.एच. खोटंच कमी आणि टी-फोर खोटंच जास्त दिसू शकतं, म्हणजे हुबेहूब ग्रेव्हज परत आल्यासारखं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याची जाहीर सूचना दिली होती. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधीपासून बायोटिन बंद ठेवायचं, आणि घेत असाल तर सांगायचं. लॅबमध्ये ‘उपाशीपोटी आलात का’ हे दर वेळी विचारतात, बायोटिनचं मला एकदाही विचारलं नाही.

गेल्या वर्षापासून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. आमच्या कामाच्या गावांतल्या थायरॉइडच्या चौदा जणींना एकेक शाळेची वही दिली. त्यात तारीख, गोळीचा डोस, वजन, सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी, तिन्ही तपासण्यांचे आकडे आणि पुढची तारीख. मनगटावर नाडी मोजायला आम्ही बचत गटाच्या बैठकीत शिकवलं. ज्यांना आकडे लिहिता येत नाहीत त्यांच्या मुली लिहितात. बसल्या जागी नाडी सारखी शंभरच्या वर राहिली तर तारखेची वाट बघायची नाही, हे ठरलेलं. रिपोर्टची प्रत प्रत्येकीने मागून घ्यायची. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, हा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. एका डॉक्टरांना वही बघून राग आला. ‘आता तुम्ही आम्हाला शिकवणार?’ दुसऱ्या, नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने ती शांतपणे पानापानाने वाचली आणि म्हणाली, हे सगळ्यांनी आणलं तर माझा निम्मा वेळ वाचेल.

दवाखान्याच्या अधीक्षकांकडे आम्ही लेखी अर्ज दिला. निदान झालेल्या बाईला दर वेळी ‘कशाला’ हा प्रश्न न विचारता ठरलेल्या अंतराने तपासणी मिळावी, ग्रेव्हज असेल तर तिन्ही व्हाव्यात, रिपोर्ट कागदावर हातात मिळावा, आणि टोळी निघायच्या आधी ऊसतोड बायांचं रक्त घेऊन त्यांना सोबत एक पत्र मिळावं, जे कारखान्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात चालेल. तीन चकरा झाल्या. टी-फोर सुरू झालं आहे, आठवड्यातून एक दिवस. टी-थ्रीसाठी ‘मागणी वर पाठवली आहे’. पत्राबद्दल अजून काहीच नाही. त्या खिडकीवरचा माणूस बदललेला नाही, पण आता तो मला ओळखतो. परवा म्हणाला, त्याच्या बायकोलाही थायरॉइड आहे, तिची वही मिळेल का. दिली.

माझं स्वतःचं सध्या छोट्या डोसवर चाललं आहे. तिसऱ्यांदा परत आल्यामुळे ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीन हे पर्याय समोर ठेवले गेले आहेत. त्या दोन्हींनंतर बहुधा जन्मभर थायरॉक्सिनची गोळी आणि अर्थातच जन्मभर रक्त तपासणं आलं. मी अजून ठरवलेलं नाही. तोवर वहीत आकडे लिहिते आहे.

वहिनीची टोळी यंदा कोल्हापूरच्या बाजूला, पंचगंगेच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यावर जाणार आहे. ती आता १० मिलीग्रॅमवर आहे. निघायच्या आधी तिचं रक्त इथे होईल, पुढचं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि त्यानंतर फेब्रुवारीत तिकडे व्हायला हवं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागात काम करणाऱ्या गटांना विनंती : तुमच्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात तिन्ही तपासण्या होतात, कोणत्या वारी होतात, आणि खाडा न होता संध्याकाळी कुठे रक्त देता येतं, हे अंकाच्या पत्त्यावर कळवा. फडावरून तिच्यासोबत जायला एखादी मैत्रीण मिळाली तर तिचंही नाव कळवा. वहिनीला तिकडची भाषा येते, रस्ते माहीत नाहीत.